सिम उभा आहे तिथपर्यंत

१

अमेरिकेत मुलांकडे आलेल्या आईबापांचं हिवाळ्यात लोणचं होतं. बरणी झकास असते, झाकण घट्ट असतं, आणि आत बसून मुरण्याखेरीज दुसरं काम नसतं. नेपरव्हिलला लेकीकडे आलेल्या ज्ञानदेव साळव्यांचंही शहाण्णवच्या डिसेंबरात तेच झालं. ऑक्टोबरात आले तेव्हा पानगळ होती, रोज दोन मैल फिरून यायचे. मग बर्फ पडला आणि बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले ते बसलेच.

उपासना त्यांची धाकटी. शिकागोतल्या एका कंपनीत ती दोन हजार सालाच्या धास्तीने जुने प्रोग्रॅम दुरुस्त करत बसायची. नवरा प्रितम कन्सल्टिंगमध्ये. सोमवारी पहाटे ईडन प्रेरीला उडायचा तो गुरुवारी रात्री परत. म्हणजे आठवड्याचे चार दिवस घरात ती आणि बाबा, आणि त्यातही दिवसाचे दहा-अकरा तास बाबा एकटेच. आई जाऊन वर्ष झालं होतं. आई गेली तेव्हा उपासना इथे होती, फोनचा रिसीव्हर कानाला लावून उभी. नगरला बाबा एकटे जेवतात, कधी जेवतच नाहीत, असं राजेशदादाने कळवलं तेव्हा तिने सरळ तिकीट पाठवलं. व्हिसाची जमतील तितकी एक्सटेन्शनं घ्यायची आणि बाबांना ठेवून घ्यायचं, असं तिने कोणालाही न विचारता ठरवून टाकलं होतं. आई निसटली होती, बाबा निसटू द्यायचे नव्हते.

सकाळी सव्वासातला ती ट्रेनसाठी निघाली की बाबा मागून मुद्दाम विचारायचे, "कुठे चाललीस?"

ती दारातूनच ओरडायची, "नोकरीवर!"

निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, कुठे चाललास म्हणून विचारू नये, काम फिसकटतं, असं लोक मानतात. साळव्यांच्या घरात ते विचारलं जायचं ते नेमकं म्हणूनच. आजोबांनी दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून भिंतीवर लावल्या, आणि त्यांच्या लेकाने तेविसावी आपल्या पदरची जोडली: जो घराबाहेर पडेल त्याला मी कुठे म्हणून विचारीनच. उपासनाला त्यांनी दहावीच्या पेपरला विचारलं, मुलाखतीला विचारलं, मुंबईच्या विमानतळावर शेकडो लोकांसमोर विचारलं. "बघ, काय बिघडलं?" असं ते नंतर म्हणायचे, आणि खरंच कधी काही बिघडलं नव्हतं.

२

शेजारी मिस ट्रेडवेल राहायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, लग्न न केलेल्या, निवृत्त शिक्षिका. दोन्ही घरांच्या मागची अंगणं एकमेकांत मिसळलेली, मध्ये कुंपण नाही, आणि त्यापलीकडे मक्याचं मोठं शेत. तिथेही लवकरच घरं होणार होती, पण तोवर मका होता, आणि हिवाळ्यात नुसती पांढरी सपाटी. नाताळात त्या केक घेऊन आल्या आणि बाबा काय करायचे ते त्यांनी विचारलं. बाबा त्यांच्या सरकारी इंग्रजीत म्हणाले, भूकरमापक होतो, चौतीस वर्षं जमिनी मोजल्या. म्हातारीचे डोळे लकाकले. दुसऱ्या दिवशी ती कागदांनी भरलेलं खोकंच घेऊन दारात हजर.

प्रकरण असं होतं. वसाहतीच्या काळापासून ज्यांची घराणी इथे आहेत अशा बायकांची एक संस्था होती आणि मिस ट्रेडवेलना मरण्यापूर्वी तिच्यात दाखल व्हायचं होतं. पूर्वज नथॅनिएल ट्रेडवेल. व्हर्जिनियात राजाच्या नावाने त्याला चारशे एकर मिळाले होते, १७४३ साली. पण त्याच तालुक्यात त्याच वेळी दुसराही एक नथॅनिएल ट्रेडवेल होता. कचेरीला आग लागून मृत्युपत्रं जळाली होती, जमिनीची खतं तेवढी उरली होती. आपला नथॅनिएल कुठला हे ठरवायचं तर खतांवरून दोघांच्या जमिनींचे नकाशे काढून, कोणाला कोणाचा शेजार लागतो ते पाहायचं. म्हातारीला कोन आणि अंश जमत नव्हते.

जित्याची खोड. बाबांनी त्याच दिवशी उपासनाच्या जुन्या कंपासपेटीतून कोनमापक काढला. ती संध्याकाळच्या ट्रेनने परतली तेव्हा खिचडी खाली लागली होती आणि बाबांना तिचा वास आलेला नव्हता.

"पांढऱ्या ओकापासून निघायचं," ते बोट फिरवत म्हणाले. "उत्तरेला चाळीस अंश पूर्व, एकशे बारा पोल. पोल म्हणजे साडेसोळा फूट. मग ओढ्याच्या काठाने खुणेच्या झाडापर्यंत. फार छान मोजलंय गं. ह्या लोकांनी तिथल्या लाल मातीचं रान तुडवत साखळी ओढली आहे."

"मग जुळलं का?"

"नाही ना. मोजणी जिथून सुरू केली तिथेच येऊन मिटली पाहिजे. ही मिटत नाही. शेवटचं कलम बघ."

तिने वाचलं. झेरॉक्सवरचं वळणदार जुनं इंग्रजी होतं. तिथून सिम उभा आहे तिथपर्यंत, आणि तसंच आरंभीच्या ओकापाशी.

"अंतर नाही, दिशा नाही," बाबा म्हणाले. "सरळ रेघ मारून जोडलं तर नऊ एकर कमी भरतात. ते नऊ एकर ह्या सिमच्या पायाखाली आहेत."

सिम कोण ते पहिल्याच पानावर होतं. ट्रेडवेलच्या शेजाऱ्याचा गुलाम. हद्दीचा वाद निघाला होता आणि ह्या गुलामाला सगळ्या खुणा ठाऊक होत्या, म्हणून त्याला पुढे घालून हद्द चालली गेली.

"नाव बघ. सिम! आपल्याकडे शिवेला सीम म्हणतातच की." बाबा हसले, मग जरा वेळाने हसू मावळलं. "माझ्या आज्याचंही हेच काम होतं बघ. गावच्या शिवेचा वाद पेटला की महाराची साक्ष शेवटची. डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन तो पुढे चालणार, गाव मागे. तो चालेल ती शीव. आज्या म्हणायचा, शिवेवर चालणाऱ्याला मागून हाक मारायची नाही. हाक आली की माणूस थांबतो, आणि तो थांबला की तिथेच धोंडा रोवतात. मग झालं. तीच शीव, कायमची."

"आणि जमीन?"

"कोणाची? आज्याची?" बाबांनी कोनमापक पेटीत ठेवला. "सगळ्या गावाची हद्द त्याला पाठ होती. त्याच्या घरामागे पाय पसरायला जागा नव्हती."

उपासनाने खतं चाळली. जमीन पुढे तीनदा विकली गेली होती. १७७९, १८०२, १८५१. प्रत्येक खतात शेवटचं कलम तेच.

"कॉपी-पेस्ट आहे बाबा. क्लार्क लोकांनी जुनं पाहून तसंच उतरवलं."

"मीही तेच म्हणालो. आमच्याकडेही तेच करतात." त्यांनी १८०२ चा कागद तिच्यापुढे सरकवला. "पण ह्यात एक शब्द जास्त आहे."

सिम अजून उभा आहे तिथपर्यंत.

३

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बाबांनी गॅरेजमधून टोमॅटोच्या रोपांना लावायच्या काठ्या शोधून काढल्या, त्यांना लाल लोकर बांधली आणि अंगणात नकाशा आखायला घेतला. एक पोल म्हणजे एक फूट. कागदावर न मिटणारी मोजणी जागेवर मिटते, असं त्यांचं म्हणणं होतं. अंगण पुरलं नाही, शेतात शिरावं लागलं. घरी परतल्यावर उपासनाला खिडकीतून बर्फात दूरवर लाल गाठी दिसायच्या आणि तिला बरं वाटायचं. बाबांच्या गालांवर रंग आला होता. ते दोन पोळ्या जास्त खात होते.

त्या मंगळवारी ती आत आली आणि दाराशी बूट काढताना बाबांच्या बुटांकडे तिचं लक्ष गेलं. तळव्यांना चिखल होता. लाल, चिकट, ओला चिखल, बोटभर जाड.

बाहेर उणे दहा होतं. जमीन तीन आठवड्यांपासून गोठलेली होती, तिच्यावर फूटभर बर्फ. आणि इथली माती काळी. ही गोष्ट बाबांनीच आल्या दिवशी, रस्त्याच्या कडेचं ढेकूळ हातात चुरून, तिला मोठ्या कौतुकाने सांगितली होती.

"बाबा, आज कुठे गेला होतात?"

"कुठे जातोय? मागेच तर होतो."

"ही माती कुठली?"

बाबांनी बूट उचलून पाहिला, नखाने थोडी माती काढून बोटांत चोळली. तपासणीची त्यांची जुनी पद्धत होती ती. "इथली नाही ही," ते म्हणाले, आणि बूट खाली ठेवून भाजी ढवळायला गेले. भाजीत मीठ घालू का असं त्यांनी विचारलं.

तिने ती पुसली. पुसताना मनाला सांगितलं, की कोणी विटांचा चुरा टाकला असेल, रस्त्यावरच्या मिठात काहीतरी मिसळत असतील. नंतर तिने नगरपालिकेला फोनसुद्धा केला. मिठात काही मिसळत नाही, असं तिथली बाई म्हणाली. दुसऱ्या दिवशी बुटांना पुन्हा माती होती, आणि ह्या वेळी पायजम्यालाही, घोट्यापर्यंत.

४

ती रोज दुपारी एकला ऑफिसातून घरी फोन करायची. त्या गुरुवारी बाबांनी बऱ्याच वेळाने उचलला. धाप लागलेली होती. आणि त्यांच्या आवाजामागे काहीतरी वाजत होतं. खण्. मग थोडं थांबून, खण् खण्. लोखंडाच्या कड्या एकमेकींवर पडाव्यात तसं.

"बाबा, काय वाजतंय?"

"साखळी."

"कुठली साखळी? आपल्याकडे साखळी नाहीये."

"मोजायची. अगं एकट्याला ओढता येत नाही ती, दोघं लागतात. मी मागचं टोक धरतो."

"आणि पुढचं?"

पलीकडे पुन्हा खण्. "तो मागे बघतच नाही," बाबा म्हणाले. "सवय असते. पुढच्याने मागे बघायचं नसतं."

तिच्या पाचावर धारण बसली. तिने मिस ट्रेडवेलना फोन करून खिडकीतून पाहायला सांगितलं. त्या पाहून आल्या आणि म्हणाल्या, तुझे वडील अंगणात आहेत, एकटेच आहेत, ठणठणीत चालताहेत, आणि ह्या वयात इतकं नीट पाऊल टाकणारा माणूस मी पाहिला नाही. एकेक पाऊल जणू मोजून टाकताहेत, असंही त्यांनी कौतुकाने सांगितलं.

प्रितमचं निदान तयार होतं. "अगं एज आहे, लोनलीनेस आहे. आई गेल्यात. डॉक्टरची अपॉइंटमेंट घे ना यार, मेमरी टेस्ट करू." उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, पण तो चूक होता असंही तिला म्हणता येईना. तिने अपॉइंटमेंट घेतली. डॉक्टरांनी बाबांना घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष कोण ते विचारलं. बाबांनी सगळं बरोबर सांगितलं आणि डॉक्टरांच्या पार्किंगची हद्द शेजारच्या प्लॉटमध्ये चार फूट शिरली आहे हेही सांगितलं.

पुढच्या रविवारी तिने खोकं उचललं आणि मिस ट्रेडवेलच्या दारात नेऊन ठेवलं. म्हातारी हिरमुसली. एवढं एक जुळलं असतं तर मार्चच्या सभेत नाव घेणार होते, म्हणाली. उपासनाने पहिल्यांदाच तिच्याकडे पाठ फिरवली.

घरी आली तर बाबा भांडी विसळत होते.

"कागद परत दिले बाबा. बास झालं."

"बरं केलंस." ते सहज म्हणाले. "आता कागद लागत नाहीत." आणि नळाच्या धारेखाली ताट फिरवत, एका सुरात, वंदना म्हणावी तसं म्हणू लागले: पांढऱ्या ओकापासून उत्तरेला चाळीस अंश पूर्व एकशे बारा पोल, तिथून ओढ्याच्या काठाने. शेवटच्या कलमाशी येऊन थांबले. ताट धरलेला हात तसाच राहिला.

"उपा, मी विचार करतोय. तो का थांबला असेल? हद्द पुरी व्हायच्या आधी कसलेला माणूस थांबत नाही." नळ वाहत होता. "कोणीतरी हाक मारली असणार त्याला. बायकोने. नाहीतर पोरीने. तिला वाटलं असेल, हा कुठे चाललाय असा."

तिने पुढे होऊन नळ बंद केला. बाबांचे हात बर्फासारखे गार होते. नळातून तर गरम पाणी येत होतं.

५

मग मात्र उपासनाने ठरवलेलं सगळं उलटं केलं. ज्यांना ठेवून घ्यायचं होतं त्यांनाच घालवायचं. तिने एजंटला गाठलं, तिकीट बदललं, जास्तीचे पैसे भरले, राजेशदादाला फोन केला. दादा म्हणाला, "अगं पण का? भांडलात का?" तिला कारण सांगता येईना. थंडी सोसत नाही म्हणाली. तिकीट गुरुवारी, तेरा फेब्रुवारीचं मिळालं.

बाबांनी वाद घातला नाही. "जातो की," म्हणाले. "एवढं एक जुळलं की जातो."

"जुळलं नाही तरी जायचंय, बाबा."

"हो, हो." लहान मुलाची समजूत काढावी तसं ते म्हणाले.

आठवडाभर तिने रजा घेतली आणि त्यांना नजरेआड होऊ दिलं नाही. काठ्या उपटून गॅरेजमध्ये टाकल्या. त्या आठवड्यात बूट कोरडे राहिले. दोघं मिळून पत्ते खेळली, आईचे जुने फोटो लावले, देशी दुकानात जाऊन नगरच्या नातवंडांसाठी चॉकलेटं घेतली. बॅग भरताना बाबा तिला म्हणाले, "तुझी आई गेली तेव्हा तुला येता आलं नाही हे मनाला लावून घेऊ नकोस. बोलावलं असतं तर तू आली असतीस." तिला हुंदका आवरेना. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात उबदार होता. तिला वाटलं, सुटलो.

बुधवारी सकाळी ऑफिसचा फोन आला. तिचा एक प्रोग्रॅम रात्रीतून बंद पडला होता, तिच्यावाचून कोणाला कळत नव्हता, दोन तासांचं काम होतं. व्हिसा कंपनीच्या हातात असला की दोन तासांना नाही म्हणता येत नाही. बाबा म्हणाले, "जा गं, उद्या विमानात बसणारा माणूस आज कुठे जाणार आहे?"

ती दारातून बाहेर पडली. गाडीपर्यंत पोचली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की बाबांनी आज मागून विचारलंच नाही. मागे येऊन तिने काचेतून पाहिलं. ते टेबलाशी बसून शांतपणे चहा पीत होते, पाठ तिच्याकडे.

६

दुपारच्या ट्रेनने ती पावणेदोनला घरी आली. ऊन पडलं होतं. बर्फावरचं ऊन डोळ्यांत सुयांसारखं जातं, तसलं. घर गप्प होतं. टेबलावर चहाचा कप, अर्धा, वर साय धरलेला. बॅग दाराशी तयार. मागचं सरकतं दार बोटभर उघडं होतं आणि फटीतून गार वारा येत होता.

काचेतून तिला ते दिसले.

बाबा अंगण ओलांडून शेतात शिरले होते. अंगात साधा शर्ट, डोक्यावर टोपी नाही. उजवा हात समोर धरलेला, मूठ मिटलेली, आणि मुठीत काही नव्हतं. पण हात रिकामा नव्हता, कोणीतरी पुढून ओढ द्यावी तसा तो ताणलेला होता. त्यांच्या पुढे बर्फावर एक सरळ चर उमटत जात होता. करंगळीएवढा अरुंद. खण् आवाज यायचा आणि चर हातभर पुढे सरकायचा.

काठ्या नव्हत्या. त्यांना काठ्यांची गरजही नव्हती. ते शेवटच्या झाडाच्या जागेवरून वळले, जिथे अंतर नव्हतं आणि दिशा नव्हती, आणि न अडखळता चालत राहिले, सरळ, मैदानाच्या आत, घरापासून दूर.

तिने दार ढकललं. त्या क्षणी तिला सगळं आठवत होतं, आज्याचं म्हणणं, ढेकूळ, धोंडा. पण ते आठवणं एका बाजूला होतं आणि तिचा बाप उणे दहामध्ये शर्टावर चालला होता हे दुसऱ्या बाजूला. आणि ती साळव्यांच्या घरात वाढलेली होती. निघालेल्या माणसाला हाक मारून काही बिघडत नाही हे तिला आयुष्यभर रोज सिद्ध करून दाखवलेलं होतं.

"बाबा!" ती ओरडली. "बाबा, कुठे चाललात?"

ते थांबले.

जागच्या जागी थांबले, एक पाय अर्धवट उचललेला होता तो खाली टेकून. मूठ हळूच उघडली. पुढचा ताण गेला तसा हात बाजूला पडला. त्यांनी वळून पाहिलं. एवढ्या लांबून चेहरा नीट दिसत नव्हता, पण ते रागावलेले नव्हते. नळाखाली ताट धरून उभे होते तेव्हासारखे दिसत होते. काहीतरी उमगलेल्या माणसासारखे.

"इथं," बाबा म्हणाले. मोठ्याने नाही, पण तिला स्वच्छ ऐकू आलं.

ती मोज्यांवर होती. तिने वळून दाराजवळचे बूट ओढले, एकच पायात गेला, तशीच ती बाहेर धावली. वळायला आणि बूट ओढायला किती वेळ लागतो? तिने नंतर घड्याळ लावून पाहिलं, सहा सेकंद. सपाट मोकळ्या मैदानात सहा सेकंदांनी कोणी नव्हतं.

नाही, एक जण होता. फार लांब, शेताच्या त्या टोकाला. पाठमोरा, उघड्या डोक्याचा, उंच. दोन्ही हात सैल सोडून तो सावकाश चालत होता, दिवसभराचं काम उरकून घरी निघालेला माणूस चालतो तसा. त्याने मागे पाहिलं नाही.

७

पोलीस चांगले होते. कुत्री आणली, रात्रभर दिवे लावले, प्रितम यायच्या आत सगळं शेत पालथं घातलं. बाबांच्या पावलांचे ठसे मागच्या दारापासून निघत होते आणि एका दगडापाशी संपत होते. पुढे एकही ठसा नव्हता, परतीचाही नव्हता.

दगड गुडघ्याएवढा होता. अंगावर शेवाळाचे जुने वाळके डाग. एका पोलिसाने त्याला लाथ मारून पाहिली, तो हलला नाही. जमीन दोन हात खोल गोठलेली होती, अशा जमिनीत कोणाला काही रोवता येत नाही, म्हणजे तो आधीपासूनच असणार, असं त्यांनी लिहून घेतलं. मिस ट्रेडवेलना विचारलं. त्या म्हणाल्या, असेल बाई, मका असतो तेव्हा काय दिसतंय. दगडाच्या बुडाशी बर्फ वितळला होता आणि त्यातून लाल माती वर आली होती. ती कोणी लिहून घेतली नाही.

आठवड्याने उपासनाने काठ्या बाहेर काढून बाबांच्या खुणांवर पुन्हा रोवल्या. शेवटच्या झाडापासून दगडापर्यंत आणि दगडापासून ओकापर्यंत तिने टेप लावला, हिशेब तीनदा केला. चारशे एकर भरले. नथॅनिएल कुठला तेही त्यावरून ठरलं. मार्चच्या सभेत मिस ट्रेडवेलचं नाव घेतलं गेलं आणि त्या डोळे पुसत केक घेऊन आल्या. तुझ्या वडिलांचे उपकार, म्हणाल्या.

दादा दर रविवारी फोन करायचा. "उपा, काही कळलं का? बाबा कुठे आहेत गं?" तिला कुठे ते फुटाफुटाने माहीत होतं. ती म्हणायची, नाही रे, अजून काही नाही. हात दाखवून अवलक्षण असं लोक म्हणतात, पण तिने तर नुसती हाक मारली होती. हाकेत काय होतं? माया होती. ती रोज दुपारी दगडाशी जाऊन उभी राहायची, त्याला हात लावायची. उन्हातही तो गार असायचा. एकदा तिने त्याला शाल पांघरली. प्रितमने ती घरात आणली.

त्यानेच मग घर विकायला काढलं. ईडन प्रेरीला कायमची नोकरी घेतली. मेमध्ये गिऱ्हाईक मिळालं. मोजणीवाले आले आणि त्यांनी हद्दीच्या नकाशावर दगड दाखवला, जुनी खूण म्हणून. जुनी खूण काढता येत नाही, असा कायदा आहे, हे त्यांनी समजावून सांगितलं. उपासनाला तो कायदा ठाऊक होता.

जूनच्या पहिल्या शनिवारी ट्रक पुढे गेला. घर रिकामं झालं. प्रितम गाडी सुरू करून बसला होता. शेवटचं खोकं तिच्या हातात होतं, आईचे फोटो आणि बाबांची कंपासपेटी. मागच्या शेतात मका गुडघाभर झाला होता आणि दगड त्यात बुडाला होता. ती दारातून बाहेर पडली, ओट्यावरून उतरली. गाडी पाच पावलांवर होती.

मागून, रिकाम्या घरातून, स्वयंपाकघराच्या उघड्या दारापलीकडून कुठूनतरी, आवाज आला. साधा, रोजचा, थोडा मिश्कील.

"कुठे चाललीस?"

प्रितमने हॉर्न वाजवला. "चल ना उपा, लेट होतोय."

आता नोकरीवर म्हणता येत नव्हतं. थांबायचं नाही, मागे बघायचं नाही, पाच पावलं, हे सगळं तिला पाठ होतं.

तिने खोकं खाली ठेवलं.